मॉस्कोत छापलेलं इंग्रजी

"अजून काहीच केलं नाही तिनं," ओतिलिया म्हणाली.

झेनॉननं सूपमधून मान वर केली. "कुणी?"

"ह्या जकातनाक्यावरच्या बाईनं. लेखकानं पहिल्याच पानावर सांगून ठेवलंय की बाई तोंडाची फाटकी आहे म्हणून. आता शंभरावर पानं झाली, एक वाकडा शब्द नाही तिच्या तोंडात. दारात आलेल्या भिकाऱ्याला खाऊ घातलं, आजारी सासूचं सगळं केलं, दारू पिऊन आलेला गाडीवान वाट्टेल ते बोलला तरी गप्प."

"दबा धरून बसली असेल."

"तेच म्हणते मी. काहीतरी मोठं करणार बघ ही."

"आमच्या कारखान्यातली कॅन्टीनवाली अशीच," झेनॉन पाव मोडत म्हणाला. "वीस वर्षं आवाज नव्हता तिचा. मग एक दिवस फोरमनच्या अंगावर बीटाचं सूप ओतलं. गरम. तू वाच पुढं. आणि ती काय बोलली ते मला सांग, इंग्रजीत शिव्या कशा देतात ते तरी कळेल."

खिडकीबाहेर साखर कारखान्याची चिमणी धुरकटली होती. हंगाम सुरू झाला की पोलंडमधल्या नोतेच नदीकाठच्या त्या गावात बीट शिजल्याचा गोडसर, मातकट वास डिसेंबरपर्यंत हलत नसे. पडद्यांना, कपड्यांना, उशीच्या अभ्र्यांना तोच वास. ओतिलियाच्या पुस्तकालाही आता तोच लागला होता.

पुस्तक तसं वेगळंच होतं. कादंबरी इंग्रजी, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची, पण छापलेली मॉस्कोत. सोव्हिएत विद्यार्थ्यांनी इंग्रजी शिकावं म्हणून कुणीतरी काढलेली ही आवृत्ती. मूळ मजकूर इंग्रजीत आणि मागच्या पन्नास-साठ पानांत अवघड शब्दांचे अर्थ, टिपा, सगळं रशियनमध्ये. कधीकाळी सोव्हिएत मैत्री संघानं शाळेला पुस्तकांची पेटी भेट दिली होती, तिच्या तळाशी हे येऊन पडलं असणार. कपाट आवरताना ओतिलियाच्या हाती लागलं. सव्वीस वर्षं तिनं ज्या भाषेवर पोट भरलं, तीच भाषा आता तिला पुढच्या भाषेत हात धरून नेणार होती. तिला ह्याचं हसूही आलं होतं आणि बरंही वाटलं होतं.

कपाट आवरायची वेळ आली ती मुख्याध्यापक पोकोरांमुळे. म्हणजे त्यांच्यामुळे नाही, काळामुळे. सरकार बदललं, आणि रशियन शिकण्याची सक्ती गेली. वसंतात पोकोरांनी तिला खोलीत बोलावलं, काचेच्या पेल्यात चहा दिला, लिंबाची चकती स्वतः टाकली. एवढ्यावरूनच तिनं ओळखलं होतं.

"क्रुकोव्स्काबाई, पुढच्या वर्षी पाचवीतल्या एकाही पालकानं रशियन मागितलेलं नाही."

"एकानंही?"

"एकानं मागितलं होतं. पोराच्या आजीनं येऊन खोडलं." पोकोरांनी चष्मा काढून पुसला. "सगळ्यांना इंग्रजी हवंय. इंग्रजीचा माणूस मला ह्या गावात कुठून मिळणार? ज्याला येतं तो इथं राहत नाही. वरून पत्रक आलंय, रशियनच्या शिक्षकांनी इंग्रजी शिकून घ्यावं. दर शनिवारी बिद्गोश्चला वर्ग. वर्षाअखेर परीक्षा. ती झाली तर तुमची जागा तुमचीच."

"आणि नाही झाली तर?"

"तर शाळा सुटल्यावर लहान पोरं सांभाळायचं काम आहे. वाईट नाही ते."

ओतिलियानं पेल्यातली लिंबाची चकती चमच्यानं दाबली. ती एक्कावन्न वर्षांची होती. ह्या वयात माणूस चष्म्याचा नंबर बदलतो, भाषा बदलत नाही.

"माझ्याकडे बघा," पोकोरा म्हणाले. ते इतिहास शिकवत. "तुम्हाला नुसती भाषा बदलायची आहे. मला घडून गेलेलं बदलायला सांगतायत."

रशियनवर तिचं प्रेम होतं, हे ती गावात कुणाला सांगत नसे. तिच्या मामाला पंचेचाळीस साली रशियनांनी नेलं होतं, तो परत आला नाही. आईनं तिला शिक्षिका होऊ दिलं, पण कसली शिक्षिका हे शेजारणींना शेवटपर्यंत सांगितलं नाही. ओतिलिया सोळा वर्षांची असताना अध्यापन विद्यालयातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी वर्गात एक जुनी रशियन गोष्ट मोठ्यानं वाचली होती. चौकातल्या सरकारी कर्ण्यावरून रोज ओरडणारी भाषा आणि ह्या गोष्टीतली भाषा एकच, ह्यावर तिचा विश्वास बसेना. ही गोष्टीतली भाषा कुठून येते ते बघावं, म्हणून ती त्या वाटेनं गेली आणि तिथंच राहिली. मुलं मात्र कर्ण्याचीच भाषा ऐकत. सव्वीस वर्षांत कितीतरी पोरांनी तिच्या तासाला मुद्दाम चुकीचे उच्चार केले होते, घरून तसं सांगितलेलं असे. तिनं कुणाला त्यासाठी कधी मारलं नव्हतं.

तेव्हा इंग्रजीही तिनं गोष्टीच्याच वाटेनं धरलं. शनिवारच्या वर्गाचं पुस्तक चकचकीत होतं. त्यात टॉम आणि सँड्रा विमानतळावर जात, हॉटेलात जात, हवामानाबद्दल बोलत आणि पुन्हा विमानतळावर जात. त्यांचं पुढं काय होणार ह्याची ओतिलियाला जराही उत्सुकता वाटेना. जकातनाक्यावरची ती बाई, मिसेस पेनफोल्ड, पुढं काय करणार, हा प्रश्न मात्र तिला सकाळी उठल्या उठल्या पडे. झेनॉन पहिल्या पाळीला गेला की शाळेच्या आधीचा तासभर तिचा. एक बोट इंग्रजी ओळीवर, दुसरं मागच्या पानांतल्या रशियन टिपांवर. एकेका शब्दाला टोक, काठ, वजन असतं, हे तिला पुन्हा नव्यानं कळत होतं. 'खिन्न' म्हणायला ह्या लोकांकडे किती शब्द. एक पाऊस पडण्याआधीच्या खिन्नतेचा, एक कुणी सोडून गेल्यानंतरचा, एक उगाचच्या खिन्नतेचा. "दमट हवेचा देश दिसतोय," ती झेनॉनला म्हणाली होती.

शेवटी नोव्हेंबरातल्या एका शनिवारी तिनं वर्गात विचारून टाकलं. शिकवणारा ओल्गिएर्द नावाचा पंचविशीतला मुलगा होता, लंडनला वर्षभर भांडी घासून आलेला. वर्गात सगळेच पन्नाशीच्या आसपासचे, सगळे कालपर्यंत रशियनचे शिक्षक. लांबच्या गावांहून पहाटेच्या बसनं आलेले, डब्यात अंड्याचे सँडविच घेऊन.

"सर, मला एक सांगा. लेखकानं एखाद्या बाईला तोंडाची फाटकी म्हटलं, आणि ती तशी वागलीच नाही, तर ह्याला इंग्रजीत काय म्हणतात? विनोद म्हणतात का?"

"वाक्य काय आहे नेमकं?"

तिनं वाचलं. मिसेस पेनफोल्ड वॉज ॲन ऑर्डिनरी वूमन.

ओल्गिएर्दनं ओठ दाबून धरले, पण हसू निसटलंच. "बाई, आपल्या पोलिशमधला ऑर्दिनार्नी वेगळा. आपल्याकडे ती शिवी आहे. इंग्रजीत ऑर्डिनरी म्हणजे नुसती साधी. चारचौघींसारखी."

वर्ग हसला. मागच्या बाकावरचे एक गृहस्थ खोकल्यासारखं करून हसले. ओतिलियाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मग तिच्याही मनात आलं, की एका निष्पाप बाईवर आपण महिनाभर डोळा ठेवून बसलो होतो, ती कधी घसरते म्हणून. आणि तीही हसली.

परतीच्या बसमध्ये तिनं पुस्तक उघडलं आणि पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात केली. तेच वाक्य, तीच बाई, पण दारावर टकटक झाल्यावर ती आता वेगळीच उठली. भिकाऱ्याला दिलेलं सूप आता डाव नव्हता, नुसतं सूप होतं. गाडीवानासमोरचं गप्प राहणं म्हणजे राग साठवणं नव्हतं, तिला खरंच बोलायला काही सुचलं नव्हतं. साध्या बाईसाठी कुणी चारशे पानं लिहिली होती, ह्याचंच ओतिलियाला मोठं नवल वाटत राहिलं.

त्या दिवसापासून ओळखीचं तोंड घेऊन आलेल्या प्रत्येक शब्दाची ती झडती घेऊ लागली. कादंबरीतल्या जमीनदाराचा धाकटा भाऊ ल्युनॅटिक होता आणि घरचे त्याला एकटं बाहेर सोडत नसत. पोलिशमध्ये लुनातिक म्हणजे झोपेत चालणारा, तेव्हा नदीजवळच्या घरात एवढी काळजी घ्यायलाच हवी, असं ती समजून चालली होती. तो ठार वेडा निघाला.

"बिचारा," झेनॉन म्हणाला. "मला वाटलं होतं त्याचं लग्न होईल."

नाताळापर्यंत झेनॉनला पुस्तकातली सगळी माणसं नावानिशी माहीत झाली होती. मासा तळता तळता तो विचारी, "त्या वकिलानं मृत्युपत्र दाखवलं का?" आणि शाळेत पाचवीची मुलं टॉम आणि सँड्रासोबत विमानतळावर उभी असत. ओतिलिया त्यांच्या फक्त एक धडा पुढं होती. रात्रीतून कुणी चुणचुणीत पोरानं दोन धडे वाचून आणले तर काय, ह्या भीतीनं ती प्रश्नांना जागाच ठेवत नसे. रशियनच्या तासाला तिला कधी भीती वाटली नव्हती. आता घंटा झाली की तिचे तळहात ओले असत.

जानेवारीत पोकोरांनी आनंदानं बातमी आणली. इंग्लंडातून एक तरुण मुलगी येणार होती, कुठल्याशा योजनेतून, सहा महिने शाळेत शिकवायला. लीड्सची. नाव जिल. राहायची सोय? क्रुकोव्स्काबाईंच्या मुलाची खोली रिकामीच होती, तो ग्दान्स्कला बंदरात कामाला होता.

बसथांब्यावर ओतिलिया एकटीच गेली. चार दिवस वाक्यं जुळवत होती. बर्फात पाठीवर मोठं ओझं घेतलेली, नाक लाल झालेली एक पोरगी उतरली. ओतिलियानं हातमोजा काढून हात पुढं केला आणि स्वच्छ, सावकाश इंग्रजीत म्हणाली, "आपला प्रवास फार क्लेशदायक तर झाला नाही ना, अशी आशा बाळगते. आमच्या दीन कुटीत आपले मनःपूर्वक स्वागत असो."

जिल तिच्याकडे बघतच राहिली. मग खळखळून हसली, आणि हसता हसता तिनं काहीतरी उत्तर दिलं. लांबलचक, प्रेमळ, चेंडू घरंगळावेत तसं.

त्यातला एक शब्दही ओतिलियाला कळला नाही.

तिनं पुन्हा सांगायला सांगितलं. जिलनं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. तरी नाही. घरापर्यंतच्या वाटेवर दोघी एकमेकींकडे बघून नुसत्या मान हलवत चालल्या.

पहिला आठवडा वाईट गेला. झेनॉनला इंग्रजीचा गंध नव्हता, पण त्याचं आणि जिलचं पहिल्याच संध्याकाळी जमलं. तो शेगडीकडे बोट दाखवी, ती मान हलवी. तो लोणच्याच्या काकडीला पोलिशमध्ये काय म्हणतात ते सांगे, ती तीनदा चुकून म्हणे आणि दोघं हसत. ओतिलिया मध्ये बसून दोघांची भाषा येणारी एकटी, आणि तीच मुकी.

"अगं, ती म्हणतेय मीठ दे," झेनॉन म्हणे.

"तुला कसं कळलं?"

"मिठाकडे बघतेय ना ती."

त्या आठवड्यात ओतिलियानं पुस्तक उघडलं नाही. ते तिनं शिवणयंत्राच्या झाकणाखाली ठेवून दिलं. आपण जी भाषा शिकलो ती बोलणारं कुणी आता जगात उरलेलं नाही, सगळे मरून गेले आणि आपण शोकसभेला उशिरा पोचलो, असं तिला वाटत होतं. हे ती झेनॉनला बोलली. तो बुटाला पॉलिश करत होता.

"मग काय झालं," तो म्हणाला. "लॅटिन तर पाद्रीबाबा दर रविवारी बोलतो. कोण उत्तर देतं त्याला?"

पुस्तक जिललाच सापडलं. पँटची शिवण उसवली म्हणून तिनं यंत्राचं झाकण उचललं आणि स्वयंपाकघरात ते नाचवत आली. शाळेत असताना असलंच काहीतरी तिला वाचायला लावलं होतं, असं तिनं हातवारे करून, सावकाश सांगितलं. तेव्हा तिनं ते पुरं केलंच नव्हतं. मग तिनं मध्येच एक पान उघडलं, कपाळाला आठी घातली आणि एका शब्दावर बोट ठेवून ओतिलियाला विचारलं, "हे काय आहे?"

ओतिलियानं मागचं रशियन काढून बघितलं. मग हात उंच करून हळूहळू खाली आणला आणि बोटं मिटत नेली. मेणबत्ती, नदी, पगार, माणूस. हळूहळू थोडं थोडं होत संपत जाणारं काहीही.

"ओह," जिल म्हणाली. "ड्विंडल. हो की."

त्यानंतर दुपारी शाळेतून आल्यावर दोघी वाचू लागल्या. जिल मोठ्यानं वाची, त्यामुळे ओतिलियाला छापील शब्दाचा आवाज कळू लागला. तिनं मनात केलेले निम्मे उच्चार चुकीचे निघाले. लिहायचं एक आणि म्हणायचं भलतंच, ह्या भाषेचा हा खोडसाळपणा तिला राग आणायच्या ऐवजी मोह घालू लागला. 'के' अक्षर शब्दाच्या दारात उभं राहायचं आणि आत यायचंच नाही. असं का? जिलला माहीत नव्हतं. तिला कधी प्रश्नच पडला नव्हता. "तसंच आहे ते," ती म्हणे. ओतिलियाला 'तसंच आहे' कधी पुरत नसे. फेब्रुवारी संपता संपता जिलच्या घरंगळत्या वाक्यांतले चार-पाच चेंडू तिला हातात धरता येऊ लागले.

मार्चमधल्या एका दुपारी शाळेत जिलला इंग्लंडहून फोन आला. पोकोरांच्या खोलीत ती उभ्यानंच बोलली, आणि फोन ठेवून कुणाशी काही न बोलता घरी निघून गेली. पोकोरांनी ओतिलियाला वर्गातून बोलावलं. "कुणीतरी गेलंय तिचं. आजी बहुतेक. मला नीट कळलं नाही. तुम्ही जा, तुमचा वर्ग मी बघतो."

ओतिलिया घरी आली. मुलाच्या खोलीचं दार उघडंच होतं. जिल कोट न काढता पलंगाच्या कडेला बसली होती, बुटांवरचा बर्फ वितळून गालिचावर डाग पडला होता. दफन दुसऱ्या दिवशीच होतं, तिला पोचणं शक्य नव्हतं. आजीनंच तिला वाढवलं होतं, एवढं ती आधी कधीतरी बोलली होती.

दारात उभ्या राहून ओतिलियानं टॉम आणि सँड्राची पानं मनातल्या मनात चाळली. विमानतळ, हॉटेल, हवामान. त्यांच्याकडे कुणी मेलंच नव्हतं. मग मिसेस पेनफोल्ड आठवली. शेजारणीची आई गेल्यावर तिच्या घरी गेलेली, टोपी हातात घेऊन दारात उभी. तिचं वाक्य ओतिलियाला पाठ होतं, पाठ करावं म्हणून केलं नव्हतं, वाचता वाचता राहून गेलं होतं. पण बसथांब्यावरचं हसणंही आठवत होतं. हीच ती भाषा, हाच तो थाट. तरी दुसरं काही जवळ नव्हतं.

"मी आपले सांत्वन करण्यास आलेली नाही," ती इंग्रजीत म्हणाली. "आपण एकट्या असू नये, इतक्याचसाठी आले आहे."

जिलनं मान वर केली. हसली नाही. सरकून तिनं पलंगावर जागा केली.

ओतिलिया तिच्या शेजारी बसली. मग जिल आजीबद्दल बोलायला लागली, भरभर, लीड्सच्या उच्चारांत. त्यातलं ओतिलियाला अर्धंमुर्धं कळलं, आणि उरलेलं विचारायची ती वेळ नव्हती. झेनॉन कामावरून आला, दोघींना बघून पाय न वाजवता स्वयंपाकघरात गेला आणि आंबट सूप गरम करायला ठेवलं. त्यात त्यानं तिघांसाठी पाच अंडी उकडून टाकली. काय करावं हे न कळल्यावर तो नेहमी अंडी उकडायचा.

परीक्षा जूनमध्ये झाली. लेखीत ओतिलियाला अडचण आली नाही, व्याकरण तिच्या हाडात होतं. तोंडी परीक्षेला टेबलामागं तिघं होते. विद्यापीठातले दोन तरुण पुरुष आणि पांढऱ्या केसांच्या एक बाई. एकानं प्रसंग दिला. तुम्ही आन्सरिंग मशीन विकत घेतलंय, ते चालत नाही. दुकानात जाऊन तक्रार करा.

"क्षमा करा, हे यंत्र काय असतं?" ओतिलियानं विचारलं.

त्यानं सांगितलं. घरी कुणी नसताना फोन आला तर ते उचलतं.

"आणि काय सांगतं?"

"की घरी कुणी नाही."

"कुणी नाही, हे सांगायला कुणीतरी आहे," ओतिलिया म्हणाली. तिला ते फार आवडलं. फोन करणाऱ्याला वाईट वाटत नाही का, आवाज कुणाचा असतो, घरातलं माणूस मेलं तर यंत्र काय करतं, असं तिला पुढं विचारायचं होतं. पण समोरचा घड्याळाकडे बघत होता. मग ती सरळ बसली आणि तक्रार सुरू केली.

"महोदय, मी अत्यंत अनिच्छेने आपल्या दारी आले आहे. आपल्या सचोटीविषयी माझ्या मनात तिळमात्र संशय नव्हता. परंतु आपण मला दिलेल्या यंत्राने माझा विश्वासघात केला आहे..."

दोघं तरुण हसू लागले. एकानं कागद तोंडासमोर धरला. ओतिलिया थांबली नाही. आपण कुठं हसू येण्यासारखं बोलतो ते तिला आता कळत होतं, पण वाक्य सुरू केलं होतं आणि ते पुरं करायला हवं होतं. तिनं ते पुरं केलं, क्रियापद जागेवर ठेवून.

पांढऱ्या केसांच्या बाई हसल्या नव्हत्या. "काय वाचता तुम्ही?" त्यांनी विचारलं.

ओतिलियानं पुस्तकाचं नाव सांगितलं.

"संपलं का?"

"अजून साठ पानं आहेत. जपून वाचतेय."

"मी तुमच्याएवढी असताना वाचलं होतं," बाई म्हणाल्या, आणि लिहू लागल्या.

निकाल त्याच दिवशी लागला. उत्तीर्ण, पण फक्त चौथी-पाचवीसाठी. वरच्या वर्गांना शिकवायचं तर दोन वर्षांनी पुन्हा बसावं लागणार होतं, आणि 'प्रचलित भाषेचा सराव करावा' असा शेरा होता. वरच्या वर्गांसाठी पोकोरांना पोझ्नानहून एक तरुण बाई मिळाली होती. सव्वीस वर्षं ओतिलियानं शाळेच्या शेवटच्या वर्गाला, आठवीला, शिकवून मुलं बाहेरच्या जगात पाठवली होती.

बसथांब्यावर झेनॉन सायकल घेऊन उभा होता.

"काय झालं?"

"पास. लहान मुलं दिली."

"बरं झालं," त्यानं तिची पिशवी हँडलला अडकवली. "मोठी चावतात."

जिल जूनअखेर गेली. जाताना तिनं झेनॉनला लोणच्याच्या काकडीचं नाव अगदी बरोबर म्हणून दाखवलं. ओतिलियाला घट्ट मिठी मारून ती इंग्रजीत म्हणाली, "आपल्या आतिथ्याबद्दल मी आपली चिरऋणी राहीन, मॅडम." दोघींचेही डोळे भरले आणि दोघीही हसल्या. ह्या वेळी ओतिलियाला अख्खं वाक्य कळलं होतं.

उरलेली साठ पानं तिनं ऑगस्टमध्ये संपवली, गावाबाहेरच्या त्यांच्या बागेच्या तुकड्यात, आलुबुखाराचा मुरंबा ढवळता ढवळता. झेनॉन झाडाखाली पेपर तोंडावर घेऊन पडला होता.

"संपलं," ती म्हणाली.

"मग? काय केलं शेवटी तिनं?"

"काही नाही. आगगाडी आली, त्या रस्त्यानं कुणी जाईनासं झालं. नाका बंद झाला. तिनं फाटकाला तेल घातलं, किल्ली पंचायतीत दिली आणि बहिणीकडे राहायला गेली."

"तेल कशाला घातलं? बंदच होणार होता ना."

"तेच मीही बघत होते. पुन्हा वाचलं. लिहिलेलं नाहीय."

झेनॉननं पेपर बाजूला केला. "गंज चढतो ना नाहीतर," तो म्हणाला.

सप्टेंबरच्या पहिल्या दिवशी चौथीची मुलं पांढरे सदरे घालून बसली होती. खोली तीच. रशियन मुळाक्षरांची पट्टी काढून टाकली होती, फळ्याच्या वर भिंतीचा तेवढाच भाग उजळ राहिला होता. ओतिलियानं सगळ्यांना बसायला सांगितलं, खडू उचलला आणि मुलांकडे पाठ करून तारीख लिहिली.

मागं कुजबुज झाली. मग पहिल्या बाकावरच्या, दोन शेपट्या घातलेल्या मुलीनं हात वर केला. तिचं नाव अजून ओतिलियाला माहीत नव्हतं.

"बाई, ही कुठली अक्षरं?"

ओतिलियानं फळ्याकडे पाहिलं. हातानं सवयीनं महिना रशियनमध्ये लिहिला होता. ठळक, गोलसर, शाळेत शिकवायच्या वळणात. ती मुलांकडे वळली. एकाच्याही चेहऱ्यावर राग नव्हता, खोडसाळपणा नव्हता. त्यांनी ही अक्षरं कधी पाहिलीच नव्हती. सगळी माना उंच करून बघत होती.

"रशियन आहेत," ती म्हणाली.

"काय लिहिलंय?"

"सेन्त्याब्र."

मुलीनं तो शब्द ओठांत हलवून बघितला. आणखी दोघा-तिघांनी तो हळूच म्हणून पाहिला, अगदी नीट, उच्चार न मोडता. ओतिलियानं ते ऐकलं. मग डस्टर शोधायला न थांबता तिनं तळहातानं शब्द पुसला, हात झग्याला झटकला, आणि त्याच जागी, अजून ओलसर पांढुरक्या राहिलेल्या डागावर, इंग्रजी अक्षरांत महिना लिहायला घेतला.